तहकूब सभेचा काळ

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या कारभारात सर्वसाधारण सभेची सत्ता अंतिम होय, असे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० सांगतो. प्रत्यक्षात ही अंतिम सत्ता वर्षातून एकदा, इमारतीच्या पार्किंगमध्ये मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर गणपूर्तीची वाट पाहत बसते, आणि ती न झाल्यास अर्ध्या तासाने तहकूब सभेच्या रूपाने आपले काम उरकून घेते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा सर्वप्रथम लोपली ती ही खुर्च्यांवरची सत्ता. आणि तिची जागा, कोणत्याही ठरावावाचून, फाटकापाशी तापमापक घेऊन उभ्या राहिलेल्या सेक्रेटरीने घेतली.

धुणीभांडी करणाऱ्या बाईंनी यावे की नाही, दूधवाल्याने कोठपर्यंत यावे, महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून परतणाऱ्या भाडेकरूला जिना चढू द्यावा की नाही, असले हुकूम कागदावर नव्हे तर मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये निघू लागले. शासनाच्या निर्बंधांपलीकडे स्वतःचे कायदे करण्याचा अधिकार संस्थांना नाही, हे सरकारला वारंवार बजावावे लागले. भयग्रस्त माणसांनी कठोर व्हावे यात नवल नाही. मात्र ज्याच्यावर निर्बंध लादावयाचा त्याला सभेत उभे राहून हरकत घेण्याचा जो जुना हक्क, तो या काळात निमूटपणे गहाळ झाला.

कायद्याने आपल्या परीने मुदती वाढवल्या. वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, घ्यावी लागते; २०२० च्या अध्यादेशाने ती मुदत ३१ मार्च २०२१ पर्यंत नेली, निवडणुका पुन्हा पुन्हा पुढे ढकलण्यात आल्या आणि जुन्या कार्यकारिणी अधिकारावर राहिल्या. पुढे दूरदृश्य सभांनाही अनुमती मिळाली. कारभार चालू राहिला हे खरे. पण मुदतवाढ मिळते ती दफ्तराला, इमारतीच्या खांबांना नव्हे.

२४ ऑगस्ट २०२० च्या सायंकाळी, गणेशोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, महाडमधील तारीक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि १६ माणसे मृत्युमुखी पडली. ढिगाऱ्याखालून चार वर्षांचा मुलगा जिवंत निघाला तो दुसऱ्या दिवशी. बांधकामाच्या दोषाची चिकित्सा तपासयंत्रणेची. या लेखाचा विषय त्याहून लहान आणि काहीसा रुक्ष आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावयाची असते. तारीक गार्डनचे वय होते दहा वर्षांच्या आसपास, म्हणजे या नियमाच्या उंबरठ्याबाहेर. ज्या इमारतीला नियम विचारत नाही, तिची विचारपूस राहणाऱ्यांनीच करावयाची; भिंतीला गेलेली चीर, ओल धरलेला खांब, वरच्या मजल्यावरील शेजाऱ्याने पाडलेली भिंत, हे विषय एकत्र जमलेल्या माणसांच्या तोंडूनच निघतात, आणि एकत्र जमणे हेच त्या वर्षी निषिद्ध होते. महाडची दुर्घटना त्यामुळेच घडली असे मी म्हणत नाही. इतर हजारो इमारतींत त्या वर्षी काय बोलायचे राहून गेले असेल, याचा विचार मात्र तिच्यावाचून सुचला नसता.

पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, सावित्री आणि गांधारी यांच्या पुराने महाड बुडाले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व साखर सुतारवाडी येथेही माणसे गाडली गेली. शहरातील संस्थांपुढे चिखलाने भरलेल्या भूमिगत टाक्या आणि भिजलेले पाण्याचे पंप उभे राहिले; ठराविक रकमेपुढील खर्चास सभेची मंजुरी लागते, आणि पिण्याला पाणी नसलेला सभासद इतिवृत्ताची वाट पाहत नाही. अशा वेळी आधी खर्च, मग ठराव, हा क्रम रूढ झाला. मला तो क्षम्य वाटतो. तो सवय बनू नये, एवढेच.

पोलादपूरच्या वाड्यांत सोसायट्या थोड्या आणि गावकीचा अंमल जुना. तिचे अर्धे सभासद मुंबईत. ग्रामस्थ मंडळाची वर्गणी तेथून येते, देवळाच्या जीर्णोद्धाराची मसलतही बरीचशी तेथेच ठरते. २०२० च्या गणपतीला कोकणात येणाऱ्यांनी १२ ऑगस्टपर्यंत पोहोचून दहा दिवस विलग राहावे, असा शासनाचा आदेश निघाला, आणि वर्षानुवर्षे गावाला मुंबईहून सल्ला देणाऱ्यांना स्वतःच्याच गावच्या वेशीवर अनुमतीसाठी थांबावे लागले. घर त्यांचे, वर्गणी त्यांची, पण निर्णय येथे राहणाऱ्यांचा: या तंट्याला सोसायटीच्या उपविधींत जसे कलम नाही, तसे गावकीच्या दस्तुरातही नव्हते. तो मिटला तो कोणाच्या पडवीत, कोणाच्या रिकाम्या खोलीत सोय करून. आणि हिशेबाच्या वहीत त्याची नोंद झालीच असेल, तर ती सॅनिटायझरच्या खर्चापुरती.