जुनी बॅटरी फोडू नका, बदलून घ्या



सकाळी किल्ली फिरवली की ट्रॅक्टर नुसता कण्हतो, आणि चार माणसं ढकलायला बोलवावी लागतात. दोनदा चार्ज करून आणलेली बॅटरी तिसऱ्यांदा बसली, की समजावं तिचे दिवस भरले. नवी तर आपण आणतोच. पण जुनीचं काय? ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडून राहते, आणि एक दिवस दारात भंगारवाला येतो.

आधी गोठ्याचंच बोलू. फुटक्या बॅटरीतल्या प्लेटा आणि त्यांच्यावरची पूड जनावरं चाटतात. वासरं तर हमखास. त्यातलं शिसं पोटात गेलं की जनावर दात खातं, तोंडाला फेस येतो, डोळ्यांना दिसेनासं होतं, झटके येतात. पुष्कळदा आपल्याला वाटतं, पान लागलं असेल. अशा वेळी डॉक्टरांना बॅटरीची गोष्ट आधी सांगा, लपवू नका.

माणसालाही हेच शिसं बाधतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत ते पोहोचतं. आफ्रिकेत सेनेगल देशात डकार शहराजवळ थियारोये-सूर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसं काढत. त्या मातीतलं शिसं लोक चाळून घेत. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ एवढ्या काळात तिथली १८ लहान मुलं दगावली. माती दिसायला मातीच असते हो. पण शिसं कुजत नाही, जिरत नाही, वर्षानुवर्षं तिथंच राहतं.

म्हणून मासे धरायच्या जाळ्याला वजनं करायची म्हणून घरच्या चुलीवर प्लेटा वितळवणं सोडा. ॲसिड ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका. अंगावर उडालंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा, डोळ्यांत गेलं तर धूत धूतच दवाखाना गाठा.

आता म्हणाल, मग ही बला टाकायची कुठं? अहो, ती बला नाही, पैसा आहे. बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसंच असतं, आणि शिसं कितीही वेळा वितळवा, त्याचा कस उतरत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात बॅटरी बंद यंत्रात फोडतात आणि तुकडे पाण्याच्या हौदात सोडतात. शिसं जड, ते तळाला बसतं. प्लॅस्टिक हलकं, ते वर तरंगतं. शिशाच्या पुन्हा प्लेटा होतात, डब्याचा पुन्हा डबा होतो. तुमच्या नव्या बॅटरीतलं शिसं याआधी कुणाच्या ट्रकमध्ये फिरून आलं असेल, कोण जाणे!

ऑगस्ट २०२२ पासून देशात बॅटरी कचऱ्याचे नवे नियम लागू झाले. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीवर जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांतला माल पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी टाकली आहे. आपलं काम सोपं: नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत बिलातून वजा करून घ्या. भंगारवाला दहा-वीस रुपये जास्त देईलही. पण तो ती कुठं फोडतो, ते एकदा विचारा. दुकानात नेईपर्यंत बॅटरी उभी ठेवा, झाकणं घट्ट लावा, ॲसिड आतच असू द्या.

फवारणी पंपाचंही सांगून ठेवतो. पुष्कळ पंपांत आता लिथियमची बॅटरी येते. तिच्यात ॲसिड नसतं, पण ठेचली किंवा भोसकली तर पेट घेते. फुगलेली दिसली तर चार्जिंगला लावू नका. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कडबा-डिझेलपासून लांब, घराबाहेर ठेवा, आणि पुढच्या बाजाराला जाल तेव्हा पंप घेतला त्या दुकानात नेऊन द्या.