संगणक आपोआप ‘रीस्टार्ट’ का होतो?

बँकेचा व्यवहार अर्ध्यावर असताना घरचा संगणक अचानक बंद होऊन स्वतःच पुन्हा सुरू होतो, तेव्हा बहुतेकांचा पहिला संशय व्हायरसवर जातो. या संशयाला एकेकाळी आधारही होता. ऑगस्ट २००३मध्ये पसरलेल्या ‘ब्लास्टर’ वर्ममुळे विंडोज एक्सपीचे संगणक साठ सेकंदांची सूचना देऊन रीस्टार्ट होत असत. आज मात्र दोष बहुधा वीजपुरवठ्यात, उष्णतेत किंवा रॅममध्ये सापडतो. तरीही ‘फॉरमॅट मारा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने दोष जात नाही. जातात ती छायाचित्रे आणि वर्षानुवर्षांचे हिशेब. म्हणून सर्वांत आधी आवश्यक फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी.

मग संगणक नेमका केव्हा रीस्टार्ट होतो, हे दोन-तीन दिवस टिपून ठेवावे. गेम सुरू केल्यावर अर्ध्या तासाने होत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. पाण्याचा पंप किंवा फ्रिज सुरू होतानाच होत असेल, तर विजेचा.

विंडोज बिघाडाचे कारण फार वेळ दाखवत नाही. गंभीर चूक होताच संगणक आपोआप रीस्टार्ट करावा, अशीच तिची मूळ रचना असते. ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधील ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’वरील खूण काढल्यास चुकीचा संदेश पडद्यावर टिकून राहतो व टिपून घेता येतो. असा संदेश न येता संगणक थेट बंद होत असेल, तर दोष हार्डवेअरमध्ये असण्याची शक्यता वाढते. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘कर्नेल-पॉवर ४१’ या नोंदीने मात्र हुरळून जाऊ नये. संगणक नीट बंद झाला नव्हता, एवढेच ती सांगते.

आणखी एक सोपी चाचणी आहे. संगणक बायोसच्या पडद्यावर अर्धा तास तसाच ठेवावा. तेथेही रीस्टार्ट झाला, तर विंडोज निर्दोष! न झाल्यास काहीच सिद्ध होत नाही. कारण तेथे प्रोसेसरवर फारसा ताण नसतो.

प्लग काढून कॅबिनेट उघडावे आणि पंख्यांतील धूळ ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पाती बोटाने धरून ठेवावीत. प्रोसेसरवरील थर्मल पेस्ट वाळली असल्यास बदलून घ्यावी. मदरबोर्डवरील कपॅसिटरची डोकी फुगली असतील, तर निदान तेथेच झाले.

उरतो तो एसएमपीएस. २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलणाऱ्या या पेटीचा दाब क्षणभर घसरला, तरी मदरबोर्ड रीसेट होतो. ती घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार उरतो. दुरुस्तीवाल्याकडून चांगला एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे उत्तम. तत्पूर्वी सैल एक्स्टेन्शन बोर्ड आणि जुनी यूपीएस बॅटरी तपासावी.

रॅमसाठी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहेच. दोन पट्ट्या असल्यास एकेक काढून संगणक वापरून पाहावा.