राजी आणि राजीनामा

श्रोते हो, वसई म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे किल्ला येतो, केळीच्या बागा येतात, नाताळ येतो. मी ज्या वसईबद्दल बोलणार आहे ती महामार्ग ओलांडून पूर्वेला गेले की लागते. तिथे अर्धे कापलेले डोंगर आहेत, खडी क्रशरच्या धुळीने पांढरी झालेली झाडे आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. आपल्या इमारती उभ्या राहतात त्या अशाच डोंगरांच्या खडीवर.

काही वर्षांपूर्वी तिकडच्या एका आश्रमशाळेत मुलांना कविता ऐकवायला गेलो होतो. परतताना एका अंगणात पाणी प्यायला थांबलो. तेवढ्यात लांबवर सुरुंगाचा आवाज झाला आणि हातातल्या तांब्यातले पाणी थरथरले. घरातले म्हातारेबाबा हसले. म्हणाले, "चाचा, घाबरू नका. रोजचाच आहे. तव्यावरची भाकर पण हलते." मी विचारले, "बाबा, खाण सुरू करण्याआधी तुम्हाला कुणी विचारले होते का?" ते म्हणाले, "सांगितला होता ना. अंगठा कुठं लावायचा तो."

त्या एका वाक्यात खाण आणि आदिवासी यांच्या नात्याची सगळी अडचण आली. विचारणे वेगळे आणि सांगणे वेगळे. कायद्यालाही हा फरक ठाऊक आहे. तो कसा, ते थोडे समजून घेऊ.

आपल्याकडे खनिजांचे दोन वर्ग आहेत. दगड, खडी, रेती, मुरूम ही गौण खनिजे. लोखंड, बॉक्साईट, मँगनीज ही प्रमुख खनिजे. १९९६ साली संसदेने अनुसूचित क्षेत्रांसाठी पंचायत विस्ताराचा कायदा केला. आपण त्याला 'पेसा' म्हणून ओळखतो. या क्षेत्रात गौण खनिजाचा परवाना किंवा खाणपट्टा द्यायचा तर ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची आधी शिफारस लागते, असे हा कायदा सांगतो. वसई तालुक्यातली काही गावेही अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राने २०१४ साली या कायद्याचे नियम केले. त्यांत एखाद्या पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून मान्यता मिळवून आपली ग्रामसभा भरवण्याची सोय आहे. म्हणजे मोठ्या गावाच्या गर्दीत पाड्याचा आवाज हरवू नये, हा हेतू.

प्रमुख खनिजाची गोष्ट निराळी. तिथे पेसा कायदा भूसंपादनापूर्वी सल्लामसलत करा, एवढेच म्हणतो. मसलत हा मूळचा अरबी शब्द. त्यात भले कशात आहे याचा विचार अभिप्रेत आहे. पण सरकारी कागदावर सल्लामसलत म्हणजे अनेकदा नुसती बैठक. जंगलजमिनीसाठी मात्र २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्याच्या आधारे २००९ साली केंद्राने परिपत्रक काढले, की जंगल दुसऱ्या कामासाठी द्यायचे तर ग्रामसभेची संमती हवी.

आता गडचिरोलीकडे जाऊ. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे. तोच डोंगर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचे ठिकाण आहे. तिथे दर जानेवारीत यात्रा भरते. २००७ साली लॉईड्स मेटल्स या कंपनीला इथे सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. वनहक्क कायदा प्रत्यक्ष अमलात आला तो त्याच वर्षी ३१ डिसेंबरला. पट्टा आधी, हक्क मागून.

पुढची वर्षे रक्ताची गेली. २०१३ साली माओवाद्यांनी कंपनीच्या उपाध्यक्षांसह तिघांची हत्या केली. २०१६ च्या डिसेंबरात सत्तरहून अधिक वाहने जाळली. बंद पडलेले काम २०२१ साली पोलीस बंदोबस्तात पुन्हा सुरू झाले. मग उत्पादन वर्षाला तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्याचा प्रस्ताव आला. अशा प्रस्तावाची जनसुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळ घ्यावी, असा पर्यावरण मंजुरीचा २००६ चा नियम आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ही सुनावणी झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. सुरक्षेचे कारण असेल; पण रोजगार बुडवून, घरात माडिया बोलणाऱ्या माणसाने तिथवर जायचे आणि मराठी-इंग्रजीतल्या अहवालावर मत द्यायचे, याला सुनावणी म्हणायचे की हजेरी? २०२३ साली मंजुरी मिळाली. त्याच वर्षी तोडगट्टा येथे नव्या खाणींविरुद्ध आदिवासींनी अनेक महिने ठिय्या दिला. नोव्हेंबरात पोलिसांनी तो उठवला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कंपनीने हेडरीला रुग्णालय आणि शाळा काढली. स्थानिक तरुणांना, शरण आलेल्या माओवाद्यांनाही कामावर घेतले. कामगारांना कंपनीचे शेअर दिले. काही विद्यार्थ्यांना खाणकाम शिकायला ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठात पाठवले. शिवाय २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान असते. जुन्या पट्टेदाराला स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावातल्या नव्या पट्टेदाराला १० टक्के रक्कम त्यात भरावी लागते. ती खाणबाधितांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शिक्षणावर खर्च व्हायची असते. ज्या मुलखात दवाखाना गाठायला दिवस जायचा, तिथे या गोष्टी थोड्या नाहीत. त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला, शहरात राहणाऱ्यांना, नाही.

पण शाळा-दवाखाना हे संमतीचे बक्षीस असू शकते, संमतीची जागा घेऊ शकत नाही. ते विद्यार्थी ज्या पश्चिम ऑस्ट्रेलियात शिकायला गेले, तिथलीच ही गोष्ट. मे २०२० मध्ये रिओ टिंटो कंपनीने लोहखनिजासाठी जुकान घळीतल्या प्राचीन गुहा सुरुंगाने उडवल्या. मूलनिवासी समाजाला पवित्र असलेल्या त्या जागी ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा होत्या. कंपनीकडे सरकारी परवानगी होती. त्या समाजाशी करारही होता. सगळे कायदेशीर होते. तरीही जगभर संताप उसळला आणि कंपनीच्या प्रमुखाला पायउतार व्हावे लागले. गुहा मात्र परत आल्या नाहीत.

आणि खरोखर विचारले तर काय होते? ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साईटबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला. त्यावर्षी पावसाळ्यात, न्यायाधीशांच्या देखरेखीखाली, बारा गावांत सभा झाल्या. बाराही गावांनी नकार दिला आणि त्या डोंगरावर खाण झाली नाही. होकाराला किंमत येते ती नकाराची मुभा असते म्हणूनच.

श्रोते हो, 'राजीनामा' हा शब्द फारसीतून आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ राजी असल्याचा कागद, संमतिपत्र. मुंबई इलाख्याच्या महसूल दप्तरात तो जमीन सोडून देण्याचा कागद झाला. आज तो नोकरी किंवा पद सोडण्याचा कागद आहे. संमतीपासून सोडून जाण्यापर्यंत हा शब्द आला तो अशाच वाटेने, कुणाकुणाच्या अंगठ्यांवरून.

तेव्हा तुमच्या गावच्या ग्रामसभेपुढे खाणीचा ठराव आला, तर तीन गोष्टी विचारा. काम सुरू होण्याआधी विचारताय की नंतर? आमच्या भाषेत सांगताय का? आणि आम्ही नाही म्हटले, तर काय होईल? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेपर्यंत अंगठा शाईला लावू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)