लिनक्सवर वाय-फाय सारखं तुटतंय? कार्ड बदलण्याआधी हे तपासा

आजचा भाग अशांसाठी, ज्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकल्यापासून वाय-फाय कधी असतं, कधी नसतं. ऑनलाइन इंटरव्ह्यू चालू असतो आणि अर्ध्या उत्तरात तुमचा चेहरा स्क्रीनवर अडकतो. दुकानात नेलं तर 'बोर्ड गेलाय' असंही ऐकायला मिळतं. पण थांबा. आधी दोष कुठे आहे ते क्रमाने शोधू, खर्चाचं नंतर बघू.

पहिली तपासणी फुकटची. फोन लॅपटॉपच्या शेजारी ठेवा आणि त्याच वाय-फायला जोडा. फोनवरही नेट जात असेल तर लॅपटॉपला बोल लावू नका. फोन नीट चालतोय? मग लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडून बघा. तिथेही तुटलं तर भानगड बहुतेक लॅपटॉपमध्येच आहे. तिथे टिकलं तर राउटर आणि कार्डचं जमत नाहीये. ५ गिगाहर्ट्झ वापरून बघा, कारण २.४ वर ब्लूटूथ आणि यूएसबी ३ ची उपकरणंही अडथळा आणतात.

वाय-फाय पूर्णच बंद असेल तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. पुढचं डाउनलोड त्यावर होतं.

आता टर्मिनल उघडा. कमांड मी बोललो तशाच इथे लिहिल्यात, तुम्ही त्या इंग्रजी अक्षरांत टाका. पहिली: एल-एस-पी-सी-आय, स्पेस, डॅश, एन-एन-के. यादीत 'नेटवर्क कंट्रोलर' शोधा. तीन शक्यता आहेत.

एक, कार्ड यादीतच नाही. रीस्टार्ट नको, लॅपटॉप पूर्ण बंद करून चालू करा. सोबत विंडोज असेल तर त्यातलं फास्ट स्टार्टअप बंद करा. त्यात विंडोज खरं तर पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत राहू शकतं. तरीही दिसत नसेल तर बायोसमध्ये बंद आहे का बघा. नाहीतर कार्ड सैल झालंय किंवा खरंच गेलंय.

दोन, कार्ड दिसतं, पण खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ नाही. म्हणजे ड्रायव्हर नाही, आणि उपाय बऱ्याचदा नवा कर्नल. उदाहरण घ्या: स्वस्त लॅपटॉपमधलं रिअलटेक ८८२१सीई. त्याचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये २०२० च्या ५.९ पासून आला.

तीन, दोन्ही दिसतं. मग आर-एफ-किल लिस्ट. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे येस असेल तर आर-एफ-किल अनब्लॉक वायफाय. 'हार्ड ब्लॉक्ड' असेल तर कमांड चालत नाही. लॅपटॉपचं बटण किंवा फंक्शन की शोधा.

यानंतर सुडो लावून जर्नल-सी-टी-एल डॅश के चालवा आणि त्यात 'फर्मवेअर' शब्द शोधा. फर्मवेअर लोड झालं नाही असं दिसलं तर ते पॅकेज टाका. डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये मालकी हक्काचं फर्मवेअर २०२३ च्या १२ व्या आवृत्तीपासून यायला लागलं, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर शंका इथेच घ्या.

सगळं ठीक, तरी दर थोड्या वेळाने तुटतं? पॉवर सेव्हिंग बघा. बॅटरी वाचवायला कार्ड मध्येमध्ये डुलकी काढतं, आणि काही कार्डं त्यातून नीट जागी होत नाहीत. सुडो आय-डब्ल्यू डेव्ह, मग इंटरफेसचं नाव, मग सेट पॉवर-अंडरस्कोर-सेव्ह ऑफ. फरक पडला तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये वायफाय डॉट पॉवरसेव्ह २ करा, म्हणजे ते कायम राहील.

शेवटची परीक्षा: नव्या कर्नलचं लिनक्स पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवा. तिथे वाय-फाय टिकलं तर कार्ड बहुधा ठणठणीत आहे, तुमची सिस्टम दुरुस्त करायची. तिथेही तुटलं आणि विंडोजवरही तुटलं, तरच कार्डवर संशय घ्या.

आणि बदलायचंच असेल तर इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ यांत गल्लत करू नका. २०१ ला त्याला साथ देणारा इंटेलचाच प्रोसेसर लागतो. २०० साधं पीसीआय एक्सप्रेसवालं आहे. तुमचं कार्ड बोर्डावर सोल्डर केलेलं नाही ना, हेही मागवण्याआधी बघा.

चला, पहिल्या कमांडचं उत्तर काय आलं ते कमेंटमध्ये टाका. भेटू पुढच्या भागात!