तडा भूकंपाचा की गुत्तेदाराचा?

२१ मार्च २०२४. सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला आणि त्यानंतर अकरा मिनिटांनी ३.६ चा दुसरा. १० जुलैला पुन्हा ४.५, या वेळी केंद्र कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याजवळ. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना यात नवल वाटलं नसेल. जमिनीतून येणारा गडगडाट आणि फळीवरची वाजणारी भांडी त्यांना कित्येक वर्षांपासून माहीत आहेत. धक्क्यांत जीवितहानी झाली नाही. भिंतीवरच्या प्रत्येक तड्याला मात्र एक कायमचं कारण मिळालं. गुत्तेदाराला विचारा, तो छताकडे बघत म्हणतो, "भूकंपानं गेलंय ते." घरमालकालाही हे उत्तर बरं वाटतं, कारण त्यात भांडावं लागत नाही.

यातले पुष्कळ तडे भूकंपाच्या आधीचेच असतात. धक्क्यानंतर माणूस पहिल्यांदा भिंतीकडे नीट बघतो, एवढंच.

वसमतची जमीन काळी आणि भारी. कापसाला ती मानवते, पण घराच्या पायाला मानवत नाही. बेसॉल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. पाणी मिळालं की ते फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. एप्रिल-मेमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तीच हालचाल घराखालीही चालते, फक्त सगळीकडे सारखी होत नाही. मधल्या खोल्यांखालची माती ओल धरून राहते, कडेची वाळते. बाहेरच्या भिंती खचतात, मधली जागेवर राहते आणि ताण खिडकीच्या कोपऱ्यात जाऊन फुटतो. त्यात न्हाणीचं पाणी भिंतीच्या कडेलाच मुरत असेल तर त्या एका कोपऱ्यात बारमाही पावसाळा असतो.

तडा कशाचा हे बऱ्यापैकी ओळखता येतं. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघणारा, उन्हाळ्यात रुंदावणारा आणि पावसाळ्यात मिटत येणारा तडा बहुधा मातीचा. स्लॅबच्या लगेच खालून, भिंतीच्या माथ्यावर आडवा धावणारा तडा उन्हात तापून पसरणाऱ्या स्लॅबचा. कॉलम आणि वीटकाम भेटतं तिथली सरळ उभी रेघ दोन वेगळ्या मालांची. गिलाव्याआधी तिथे जाळी मारली असती तर ती बहुधा दिसली नसती. गिलाव्यावरच्या केसाएवढ्या बारीक रेघा सिमेंट जास्त आणि पाणी मारणं कमी झाल्याच्या. भूकंपाची खूण वेगळी असते: दोन खिडक्यांमधल्या भिंतीवर एकमेकांना छेदणारे तिरके तडे, किंवा कोपऱ्यात काटकोनातल्या दोन भिंती एकमेकींपासून सुटणं. शंका असेल तर तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करून तारीख लिहावी आणि वर्षभर बघावं. तडा ऋतूप्रमाणे उघडत-मिटत असेल तर भूकंपाला त्यातून सोडून द्यायला हरकत नाही. दर महिन्याला पुढे सरकत असेल, किंवा कॉलम-बीमवरच असेल, तर वाट न बघता अभियंता बोलवावा.

"चार फूट खोदलं की पाया झाला" ही समजूत इथे सगळ्यात महागात पडते. पायाची खोली फुटांनी ठरत नाही, खाली काय लागतं त्यावर ठरते. काही ठिकाणी लवकर मुरूम लागतो, काही ठिकाणी लागता लागत नाही. जिथे काळी माती खोल आहे तिथे रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटनं रुजवलेली पद्धत आहे: बुडाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. माती ऋतूनुसार हलते त्या थराच्या खाली ते टेकवतात. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी निदान साडेतीन मीटर ठेवावी, असं भारतीय मानक सांगतं. दुसरी खोड त्याहून साधी. पाया खोदताना निघालेली काळी माती फेकायला ट्रॅक्टरचं भाडं लागतं, म्हणून तीच जोत्यात भर म्हणून ढकलतात. दोन पावसाळ्यांनी फरशी मधोमध उचलली की दोष फरशीवाल्याच्या माथी. जोत्यात मुरूम भरायचा, थराथरानं पाणी मारून धुम्मस करायचा. धुम्मस राहिला की नाही हे फरशी बसल्यावर कुणालाच दिसत नाही, आणि अशी न दिसणारी कामंच सगळ्यात जास्त उडवली जातात.

आता भूकंपाकडे. "लहान धक्के बसतात ते बरंच, जोर निघून जातो" असं पारावर ऐकू येतं. हिशेब मात्र जमत नाही. तीव्रता एका अंकानं वाढली की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीचा १९९३ चा धक्का ६.२ चा होता. म्हणजे हिंगोलीच्या ४.५ च्या सुमारे साडेतीनशे पट. त्या जोराचे लहान हप्ते करायचे तर ४.५ चे साडेतीनशे धक्के लागतील. शिवाय किल्लारीलाही १९९२ मध्ये लहान धक्के जाणवत होते. ते थांबले, लोक निर्धास्त झाले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी मोठा आला. म्हणून हिंगोलीतही तसंच होईल असं नाही. भूकंपाचा दिवस सांगता येत नाही, त्यामुळे "आता येत नाही" हेही सांगता येत नाही.

"आपण कमी धोक्याच्या झोनमध्ये आहोत" हे दुसरं पांघरूण. १९९३ मध्ये लागू असलेल्या नकाशात किल्लारी झोन एकमध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. २००२ मध्ये नकाशा बदलला, झोन एक रद्दच झाला आणि लातूरचा परिसर झोन तीनमध्ये गेला.

किल्लारी परिसरात जवळपास आठ हजार माणसं गेली, ती बहुतांश स्वतःच्या घराच्या दगडमातीखाली. आणि ती घरं कच्ची समजली जात नव्हती. गावात मानानं उभे असलेले वाडे होते ते. दोन-तीन फूट, कुठे त्याहूनही जाड दगडी भिंती, वर माळवद. भिंत जाड म्हणजे घर भक्कम, हा समज पिढ्यांचा. पण त्या भिंती म्हणजे खरं तर दोन पातळ भिंती होत्या: बाहेरून घडीव दगड, आतून दगड आणि मधे मातीत कोंबलेले गोटे. दोन्ही तोंडांना बांधणारा आरपार दगड नव्हता. हादरा बसताच तोंडं फाकली, पोट फुटलं आणि वर्षानुवर्षं पाऊस अडवण्यासाठी थरावर थर चढवलेलं माळवद खाली आलं. जाडीनं फक्त वजन वाढवलं होतं, आणि जेवढं वजन जास्त तेवढा भूकंपाचा जोरही जास्त. पुढे बावन्न गावांचं पुनर्वसन झालं.

किल्लारीतून घ्यायचं ते इतकंच: भिंती एकमेकींना बांधलेल्या हव्यात. जोत्यावर एक आणि दार-खिडक्यांच्या माथ्यावर एक, असा सगळ्या भिंतींवरून न तुटता फिरणारा आरसीसीचा पट्टा घराला एकत्र धरतो. आपल्याकडे लिंटल फक्त खिडकीपुरतं टाकतात आणि उरलेल्या भिंतीवर सोडून देतात. तेच लिंटल भिंतभर फिरवायला थोडं लोखंड आणि एखाद्या दिवसाची मजुरी जास्त लागते. ज्यांचं घर जुनंच आहे त्यांनी निदान वर बघावं. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं पत्र्यावर दाबणीला ठेवलेले दगड काढून टाका असं आवाहन केलं, तेव्हा अनेकांना हसू आलं. पण वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेला तो दगड पलंगाच्या बरोबर वर असतो. पत्रा हुकनं आवळला तर दगडाची गरजच राहत नाही.

"आम्ही माल एक नंबर वापरला" हे वाक्य वास्तुशांतीच्या जेवणात हमखास ऐकू येतं. सिमेंट कुठल्या कंपनीचं, सळई कुठल्या कंपनीची, यावर घरमालक महिनाभर भाव काढतो. मग ते सिमेंट ज्या पाण्यात कालवलं जातं त्याकडे त्याची पाठ असते. एम-२० काँक्रीटसाठी पन्नास किलोच्या गोणीला जास्तीत जास्त तीस लिटर पाणी, असं मानक सांगतं, आणि वाळू-खडीत असलेली ओलही त्यातच धरायची. प्रत्यक्षात मिक्सरपाशी पाइप सोडलेला असतो. पातळ माल पाट्यांतून पटकन वाहतो, सळयांमधून आपोआप सरकतो, मजुरांची पाठ वाचते. सिमेंटला लागतं त्यापेक्षा जास्त असलेलं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं ठेवतं. त्याच छिद्रांतून पाणी आणि हवा सळईपर्यंत जाते. माल घट्ट ठेवायचा असेल तर व्हायब्रेटर लागतो. भाड्याच्या व्हायब्रेटरचे पैसे वाचवून महागड्या सिमेंटची गोणी घेण्यात काय हशील? आणि गोणी जास्त टाकली की मजबुती वाढते हेही अर्धसत्यच. पाणी हातात ठेवलं नाही तर जास्तीचं सिमेंट जास्त आकसतं.

सळईचंही तसंच. लोक वजन मोजून घेतात, पण रिंगा मोजत नाहीत. कॉलमात उभी सळई १२ मिलिमीटरची असेल तर रिंगांमधलं अंतर १९२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण साडेसात इंचांपेक्षा जास्त नको. भूकंपाचा विचार केला तर कॉलमच्या वरच्या आणि खालच्या टोकाला त्या आणखी जवळ हव्यात आणि रिंगेची टोकं आत, काँक्रीटच्या पोटात वळवलेली हवीत. काटकोनात मोडून ठेवलेली रिंग जोराच्या हादऱ्यात उघडते. सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे बीम आणि कॉलमचा सांधा. तिथे रिंग घालायला हात शिरत नाही, म्हणून तिथलीच वगळली जाते. स्लॅबखाली सळई उचलून धरायला विटेचा तुकडा किंवा खडा सरकवतात; वीस मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक साइटवर सिमेंटमधून पाडायला फुकटच म्हणावेत. ते नसले की काही वर्षांनी स्लॅबच्या पोटाशी गंजलेली सळई पापुद्रे पाडत बाहेर येते.

उन्हाळ्यात स्लॅब टाकणारे "उन्हात लवकर पक्का होतो" म्हणतात. काँक्रीट वाळून पक्कं होत नाही, सिमेंट आणि पाण्याच्या रासायनिक क्रियेनं होतं. पाणी उडालं की ती क्रिया थांबते. साध्या ओपीसी सिमेंटला किमान सात दिवस, मिश्र म्हणजे पीपीसी सिमेंटला किमान दहा दिवस ओल हवी. कडक उन्हात ओपीसीलाही दहापेक्षा कमी चालत नाही आणि पीपीसीसाठी चौदा दिवसांची शिफारस आहे. टँकरवर चालणाऱ्या गावात हे अवघड आहे, खरं. म्हणून स्लॅबवर मातीचे वाफे करून पाणी साठवतात, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळतात. दिवसातून दोनदा पाइपनं शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे.

सेंट्रिंग काढण्याची घाई याच जातीची. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू निदान सात दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे चौदा, त्यापुढचे एकवीस. हे दिवस साध्या ओपीसीचे आणि पाणी नीट मारलं असेल तरचे. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, त्यामुळे त्याचं घड्याळ वेगळं चालतं.

"नवी इमारत आहे, काय होतंय" असं म्हणणाऱ्यांनी महाड आठवावं. २४ ऑगस्ट २०२० रोजी तिथली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. तिचं वय दहा वर्षंही नव्हतं आणि त्या दिवशी भूकंप झाला नव्हता. ठाणे जिल्ह्यात शीळफाट्याजवळच्या लकी कंपाउंडमधली इमारत तर ४ एप्रिल २०१३ ला बांधकाम चालू असतानाच पडली, चौऱ्याहत्तर मृत्यू.

घरकुल मिळालेल्यांचा वेगळा समज असतो: सरकारी फोटो निघाला, हप्ता पडला, म्हणजे काम पास. त्या फोटोवरून पाया झाला, छत झालं एवढं कळतं. काँक्रीटमध्ये पाणी किती होतं हे कुठलाच मोबाइल टिपत नाही.

शेवटी भांडणाचं. "रेरात तक्रार करू" असं स्वतःच्या प्लॉटवर गुत्तेदाराकडून घर बांधून घेणारा म्हणतो, तेव्हा तो चुकीच्या दारात उभा असतो. रेरातली पाच वर्षांची दोष-जबाबदारी प्रकल्प विकणाऱ्या प्रवर्तकावर असते. आपल्या गुत्तेदारासाठी दार आहे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. घरबांधणी ही त्यात सेवा धरली आहे आणि तक्रारीला साधारणपणे दोन वर्षांची मुदत आहे. जिल्हा आयोगापुढे "ठरलं होतं" याला किंमत नसते, कागदाला असते. म्हणून स्टॅम्पवर फक्त चौरस फुटाचा दर लिहून थांबू नये. पाया कुठपर्यंत, रिंगा किती अंतरावर, भरीत मुरूमच, पाणी मारायची जबाबदारी कुणाची आणि किती दिवस, सेंट्रिंग कधी काढायचं, हेही लिहावं, आणि प्रत्येक टप्पा झाकला जाण्याआधी त्याचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. हे लिहून द्यायला जो गुत्तेदार कां कूं करतो, त्याचा दर कमी का होता ते तिथेच कळतं.