जुनं म्हणजे नेमकं कसं जुनं? ‘ओल्ड’ऐवजी योग्य शब्द निवडताना

ग्वाल्हेरच्या हजीरा भागातल्या मुलाला ‘आमचा परिसर’ या विषयावर इंग्रजीत निबंध लिहायला सांगितलं, तर त्याच्या वहीत ‘ओल्ड’ हा शब्द पुन्हा पुन्हा येणारच. सूफी संत मुहम्मद गौस यांचा मकबरा जुना, जे. सी. मिल (जियाजीराव कॉटन मिल) जुनी, गल्लीतले आजोबा जुने रहिवासी आणि शाळेचे जुने विद्यार्थीही आहेतच. बाई म्हणतात, शब्द बदलून लिही. मूल थिसॉरस उघडतं आणि एन्शंट, एज्ड, अँटिक असे भारदस्त शब्द उचलून आणतं. निबंध सुधारायच्या ऐवजी बिघडतो.

थिसॉरस म्हणजे जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र मांडणारा कोश. पीटर मार्क रोजे यांचा प्रसिद्ध इंग्रजी थिसॉरस 1852 मध्ये छापला गेला. एका विषयाभोवतीचे शब्द त्यात एका ठिकाणी सापडतात, पण त्यातला कोणताही शब्द कुठेही चालेल, असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. निवड आपल्यालाच करायची असते. ती पायरीपायरीने कशी करायची, ते पाहू.

पहिली पायरी : विरुद्धार्थी शब्द विचारा. आपण लिहीत आहोत त्या ‘जुन्या’च्या उलट काय? तरुण, नवा, ताजा की सध्याचा? मराठीत या चार वाटा आधीच वेगळ्या आहेत : म्हातारा, जुना, शिळा, माजी. ग्वाल्हेरातल्या मराठी घरांतली मुलं घराबाहेर हिंदी बोलतात. तिथेही बूढ़ा, पुराना, बासी आणि पूर्व हे शब्द वेगळेच आहेत. इंग्रजीत मात्र ‘ओल्ड’ यातल्या बऱ्याच जागी चालतो, म्हणून गोंधळ होतो. आधी मराठी शब्द पक्का करा, मग इंग्रजीकडे वळा.

दुसरी पायरी : माणूस असेल तर मान सांभाळा. वयस्कर व्यक्तीला थेट ‘ओल्ड’ म्हणणं इंग्रजीत रोखठोक वाटतं. ‘एल्डरली’ सौम्य आहे. सरकारी कागदात ‘सीनियर सिटिझन’ येतं. भारतात 2007च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या कायद्याप्रमाणे ही मर्यादा 60 वर्षांची आहे. आजोबांना ‘एन्शंट’ म्हटलं, तर ती थट्टा होते.

इथेच आणखी एक नेहमीची चूक होते. ‘एल्डर ब्रदर’ बरोबर आहे, पण ‘एल्डर दॅन मी’ चूक. तुलना करताना ‘ओल्डर दॅन मी’ असंच लिहावं. ‘एल्डर’ मुख्यतः नात्यातल्या थोरलेपणासाठी, नामाच्या आधी येतो.

तिसरी पायरी : वास्तू असेल तर काळ मोजा. हजीऱ्यातला मुहम्मद गौस यांचा मकबरा अकबराच्या काळातला, म्हणजे सोळाव्या शतकातला. त्याच आवारात तानसेनांची समाधी आहे. इतिहासाच्या पुस्तकात ‘एन्शंट’ म्हणजे प्राचीन काळ. मकबऱ्याचा काळ मध्ययुगीन, म्हणजे ‘मेडिव्हल’. निबंधात ‘सिक्स्टीन्थ-सेंच्युरी टूम’ लिहिलं, की नेमकेपणा आपोआप येतो.

मग मकबऱ्याला ‘एन्शंट मॉन्युमेंट’ म्हटलेलं आढळतं, ते कसं? 1958च्या केंद्रीय कायद्यात निदान 100 वर्षं जुन्या, ऐतिहासिक किंवा कलात्मक महत्त्वाच्या वास्तूला हा शब्द वापरला आहे. ती कायद्याची व्याख्या झाली. कायद्यातला आणि रोजच्या लेखनातला अर्थ वेगळा असू शकतो, हे लक्षात ठेवावं.

‘हिस्टॉरिक’ आणि ‘हिस्टॉरिकल’ या जोडीपाशी मराठी माणूस हमखास अडखळतो, कारण आपल्याकडे दोन्हींना ‘ऐतिहासिक’ हा एकच शब्द आहे. इतिहासात महत्त्वाचं ठरलेलं ते ‘हिस्टॉरिक’, नुसतं इतिहासाशी संबंधित ते ‘हिस्टॉरिकल’. 1858 साली ग्वाल्हेरला झालेली राणी लक्ष्मीबाईंची अखेरची लढाई ‘हिस्टॉरिक’. त्या काळावर लिहिलेली कादंबरी ‘हिस्टॉरिकल’.

चौथी पायरी : वस्तू असेल तर तिची किंमत ओळखा. जुनी आणि मोलाची वस्तू ‘अँटिक’. व्यापारात साधारण 100 वर्षांचा निकष मानतात. त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची ओळख सांगणारी वस्तू ‘व्हिंटेज’. भारतात 2021च्या नियमांप्रमाणे मूळ स्वरूपात जपलेली 50 वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. दोन वर्षं वापरून झिजलेली चप्पल यांपैकी काहीच नाही, ती ‘वर्न-आउट’. कालची पोळी ‘स्टेल’.

पाचवी पायरी : माजी की जुना, हे स्पष्ट करा. ‘माय ओल्ड टीचर’ म्हणजे मला पूर्वी शिकवणारे, की वय झालेले? वाचणाऱ्याला कळत नाही. पूर्वीचे असतील तर ‘फॉर्मर टीचर’ लिहावं. ‘ओल्ड फ्रेंड’मध्ये मात्र मैत्री जुनी असते, मित्र पंचविशीतलाही चालतो. 1921 मध्ये सुरू झालेली जियाजीराव कॉटन मिल पुढे 1990च्या दशकात बंद पडली. तिला नुसतं ‘ओल्ड मिल’ म्हटलं, तर ती अजून चालू आहे असंही वाटू शकेल. बंद पडलेल्या कारखान्यासाठी ‘डिफंक्ट’ हा शब्द आहे.

सहावी पायरी : शब्दाची सोबत तपासा. काही शब्द ठरावीक शब्दांबरोबरच शोभतात. याला ‘कोलोकेशन’, म्हणजे शब्दांची सवयीची जोडी, म्हणतात. ‘एन्शंट हिस्टरी’, ‘अँटिक फर्निचर’, ‘स्टेल ब्रेड’ या रुळलेल्या जोड्या आहेत. ‘अँटिक ब्रेड’ कुणी म्हणत नाही. शंका आली, तर चांगल्या शब्दकोशातली उदाहरणाची वाक्यं वाचा. थिसॉरसमध्ये सापडलेला शब्द शब्दकोशात पाहिल्याशिवाय वहीत उतरवू नये.

शेवटी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. ‘ओल्ड’ हा शब्द वाईट नाही. जिथे तो पुरेसा आहे, तिथे तोच ठेवावा. बदल करायचा तो अर्थ नेमका होण्यासाठी, भपक्यासाठी नव्हे. आणि घरातल्या मुलाला इंग्रजी शब्द अडला, की आधी त्याला विचारा, ‘मराठीत तू काय म्हणशील?’ मातृभाषेत अर्थाच्या छटा ज्याला स्पष्ट दिसतात, त्याला परभाषेतला योग्य शब्द शोधणं सोपं जातं.