शरणपूरची आफ्रिकन मुले आणि भाषासंपादनाचा प्रश्न

नाशिक परिसराचा भाषेच्या इतिहासाशी असलेला संबंध सांगताना देवळाली कॅम्पचा उल्लेख हटकून होतो. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत या छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडलेल्या गोऱ्या सैनिकांनी गावाच्या नावाला आपल्या उच्चाराचे वळण दिले आणि 'वेडसर' या अर्थाचा 'डुलाली' हा शब्द इंग्रजीत रूढ झाला. परंतु या छावणीपासून काही मैलांवर, नाशिकजवळच्या शरणपूर येथे, एकोणिसाव्या शतकात जे घडले ते भाषाभ्यासाच्या दृष्टीने याहून कितीतरी मोलाचे आहे. मराठी विभागांच्या संशोधनात मात्र त्याला अद्याप पुरेसे स्थान मिळालेले नाही.

हिंदी महासागरातील गुलामांच्या व्यापारावर पाळत ठेवणाऱ्या ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गलबतांतून सुटलेली अनेक आफ्रिकन मुले मुंबईत आणली जात. त्यांपैकी काहींचा सांभाळ चर्च मिशनरी सोसायटीकडे आला. या मुलांचा आश्रम १८६० साली शरणपूरला हलविण्यात आला. शरणपूर ही विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसविलेली एतद्देशीय ख्रिस्ती लोकांची वसाहत होती. तेथे मुलांना शिक्षणाबरोबर सुतारकाम, लोहारकाम यांसारखे धंदे शिकविले जात. यावो, न्यांजा, माकुआ अशा परस्परभिन्न भाषा बोलणाऱ्या प्रदेशांतील मुले या व्यापाराला बळी पडत. अशी मुले मराठी मुलखात, मिशनच्या इंग्रजी आणि हिंदुस्थानी व्यवहारात वाढली. त्यांच्या भाषिक वाटचालीतून भाषासंपादनविषयक तीन प्रश्न उभे राहतात: पहिली भाषा कितपत टिकते, दुसरी कशामुळे येते आणि 'आपली भाषा' म्हणजे नेमकी कोणती.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर वयावर अवलंबून असते, असे सामान्यतः मानले जाते. एरिक लेनेबर्ग यांनी १९६७ साली मांडलेल्या निर्णायक कालखंडाच्या सिद्धान्तानुसार भाषा सहजपणे आत्मसात करण्याची क्षमता पौगंडावस्थेपर्यंतच असते. परंतु लहानपणी शिकलेली भाषा कायमची राहते, असा याचा अर्थ होत नाही. तीन ते आठ वर्षांच्या वयात फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या कोरियन मुलांची ती प्रौढ झाल्यावर परीक्षा घेतली असता, त्यांच्या मेंदूच्या प्रतिसादात कोरियन भाषेचा मागमूस आढळला नाही, असे क्रिस्तोफ पालिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखविले. उलट, अगदी लहान वयात चीनमधून दत्तक गेलेल्या आणि केवळ फ्रेंच बोलणाऱ्या मुलींच्या मेंदूत चिनी स्वरभेदांच्या ग्रहणाची खूण शिल्लक असल्याचे माँट्रियल येथील संशोधनातून २०१४ साली पुढे आले. म्हणजे भाषा वापरातून गेली तरी ती सर्वस्वी पुसली जातेच, असेही निर्विवादपणे म्हणता येत नाही. मात्र हा पुरावा एकेकट्या दत्तक गेलेल्या मुलांचा आहे. शरणपूरला मुले समूहाने राहत होती, आणि समान भाषेचा सोबती मिळणे हे भाषा टिकण्याचे प्रबळ कारण ठरू शकते. त्यामुळे आश्रमात येताना मुलाचे वय काय होते, एवढेच पाहून भागत नाही. त्याच्या भाषेची आणखी किती मुले तेथे होती, हेही पाहावे लागते.

दुसऱ्या प्रश्नावर डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासाची दैनंदिनी प्रकाश टाकते. १८६६ च्या या मोहिमेत नाशिकच्या आश्रमातील नऊ तरुण होते. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत राहिलेले चुमा आणि विकातानी हे दोघेही सोबत होते. वाटेत यावो प्रदेशात अब्राहम या नाशिकच्या तरुणाला त्याचा नातलग भेटला आणि त्याने राहण्याचा आग्रह केला. परंतु आई व बहिणी विकल्या गेल्याचे कळल्यावर अब्राहमने तेथे राहण्यास नकार दिला. विकातानी मात्र न्यासा सरोवराच्या परिसरात आप्तांचा शोध लागताच मागे राहिला. दोघेही आपल्या मूळ प्रदेशात पोहोचले होते. त्यांच्या निवडीतील फरक नात्यांच्या असण्या-नसण्यातून आला. शिकणारा आणि भाषिक समाज यांच्यातील सामाजिक अंतर जितके अधिक, तितके भाषासंपादन मंदावते, असे जॉन शुमान यांनी १९७० च्या दशकात प्रतिपादन केले. अब्राहमची कहाणी हेच तत्त्व उलट्या बाजूने दाखविते: ज्यांच्याशी बोलायचे तीच माणसे उरली नाहीत, तर भाषेकडे परतण्याचे प्रयोजनही उरत नाही.

लेखनाची भाषा हा आणखी एक मुद्दा आहे. १८७२ साली लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीसाठी गेलेल्या नाशिकच्या तुकडीत यावो समाजातील जेकब वेनराइट हा होता. १८७३ साली चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा तेथील झाडावर त्याने इंग्रजीत स्मृतिलेख कोरला. त्याची दैनंदिनीही इंग्रजीतच आहे. बोलण्याची एक, लिहिण्याची दुसरी आणि आठवणींची कदाचित तिसरी, अशी ही विभागणी होती. नवी भाषा देताना आधीची काढून घेणारी द्विभाषिकता आणि आधीचीत भर घालणारी द्विभाषिकता, असा भेद वॉलेस लॅम्बर्ट यांनी केला. वेनराइटच्या बाबतीत नेमके काय झाले, हे केवळ त्याच्या इंग्रजी मजकुरावरून ठरविता येणार नाही. तो मजकूर एका भाषेचा पुरावा देतो. दुसरीच्या अभावाचा देत नाही.

तिसरा प्रश्न सर्वांत मूलगामी आहे. १८७५ साली मोम्बासाजवळ फ्रेअरटाउन ही मुक्त गुलामांची वसाहत स्थापन झाली आणि शरणपूरची मंडळी तिकडे नेण्यात आली. वसाहतीला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांचे नाव देण्यात आले. विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर आणि जॉर्ज डेव्हिड हे त्याआधीच, १८६४ साली, जवळच्या राबाई येथे गेले होते. 'आफ्रिकन माणूस आफ्रिकेत परतला' असे या घटनेचे वर्णन केले जाते. भाषेच्या दृष्टीने ते अपुरे आहे. यावोभाषी मुलुख मोम्बासापासून शेकडो मैल दक्षिणेस आहे. मोम्बासाच्या व्यवहाराची भाषा स्वाहिली होती आणि ती यावो मुलाची मातृभाषा नव्हती. परत गेलेल्यांना ती नव्यानेच आत्मसात करावी लागली. पूर्व आफ्रिकेत त्यांची ओळख 'बॉम्बे आफ्रिकन' अशीच राहिली, हे या संदर्भात लक्षणीय आहे.

यावो आणि स्वाहिली या दोन्ही बांटू कुळातल्या असल्याने या शिक्षणाला एक आधार मात्र होता. बांटू भाषांत नामांचे वर्ग असतात आणि वर्गाचा उपसर्ग विशेषणाला व क्रियापदालाही लागतो. 'किताबु किझुरी किमेआंगुका' म्हणजे 'चांगले पुस्तक पडले'. अनेकवचनी 'विताबु विझुरी विमेआंगुका' असे होते. मूळ अरबी 'किताब' शब्दातील 'कि' हाच स्वाहिलीने वर्गाचा उपसर्ग मानला आणि त्यावरून 'वि' लावून अनेकवचन साधले. मराठीत 'चांगले पुस्तक पडले', 'चांगली पुस्तके पडली' या वाक्यांत हीच सुसंवादाची रचना प्रत्ययांच्या आधारे शब्दांच्या अंती दिसते. बांटू भाषा जी खूण शब्दारंभी ठेवते, ती मराठी शब्दान्ती ठेवते. यावो बोलणाऱ्या मुलाला मराठी ऐकताना हे साम्य उपयोगी पडले असेल की खुणेची जागा बदलल्याने अडचण झाली असेल, हा तुलनात्मक व्याकरणाचा सुंदर प्रश्न आहे.

या अभ्यासाला आवश्यक ती साधनेही या इतिहासातच सूचित होतात. अम्हारिक भाषेचा कोश (१८४१) आणि व्याकरण (१८४२) सिद्ध करणारे इझेनबर्ग पुढे दोन दशके मुंबईत मिशनकार्य करीत होते. राबाई येथील योहानेस रेबमान यांनी न्यांजा भाषेचा कोश सालिमिनी नावाच्या गुलामाकडून शिकून रचला. कोशावर नाव रेबमान यांचे असले, तरी त्यांचा भाषागुरू सालिमिनी होता. शरणपूरच्या मुलांकडेही केवळ विद्यार्थी म्हणून न पाहता भाषेचे जाणकार म्हणून पाहिले पाहिजे. मिशनच्या नोंदींतून येण्याचे वय, मूळ प्रदेश, सोबती, धंदा, विवाह आणि पुढील वास्तव्य एकत्र केल्यास प्रत्येकाचे भाषिक चरित्र मांडता येईल. मराठीच्या परिचयाचे उल्लेख त्यात कोठे येतात आणि कोठे गाळले जातात, हे मराठीच्या अभ्यासकाखेरीज अन्य कोणाच्या सहज लक्षात येणार नाही.

हा प्रश्न केवळ ऐतिहासिक कुतूहलाचा नाही. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतील कोकणा बोलणारे मूल आजही आश्रमशाळेत येते, तेव्हा पहिल्या दिवसापासून त्याच्यापुढे प्रमाण मराठीचे पुस्तक असते. गुलामीतून सुटलेले मूल आणि हे मूल यांची परिस्थिती अर्थातच एक नव्हे; या मुलाचे घर शाबूत आहे आणि सुटीत ते तेथे परतते. म्हणूनच शरणपूरला जे घडले ते येथे टाळता येण्याजोगे आहे. वर्गात आणि वसतिगृहात त्याच्या बोलीला बोलण्याची जागा आणि सोबती मिळाले, तर नवी भाषा जुनीत भर घालील. ते मिळाले नाहीत, तर पुस्तकी मराठी येईल आणि आजीशी बोलण्याची भाषा हळूहळू नाहीशी होईल. शिक्षकाने या दोहोंपैकी काय निवडले, हे परीक्षेच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. सुटीत घरी गेलेल्या मुलाच्या बोलण्यातून किंवा त्याच्या मौनातूनच ते कळते.